कोल्हापुरात कोपऱ्यावर 'थांबा' फलक किंवा वेगमर्यादा हवी असेल, तर अर्ज कसा करायचा

"आमच्या कोपऱ्यावर गतिरोधक बसवून मिळावा" एवढ्या एका ओळीच्या अर्जाचं पुढं काही होत नाही, याचं कारण बऱ्याचदा त्या ओळीतच असतं. वेगमर्यादा, 'थांबा' फलक आणि गतिरोधक ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींचे निकषही वेगळे. उपाय ठरवणं अभियंत्याचं काम आहे. अर्जदारानं अडचण नेमकी मांडायची.

रस्ता कुणाचा?

पेठांतले रस्ते, राजारामपुरीच्या गल्ल्या आणि महापालिकेच्या ताब्यात आलेल्या कॉलन्यांचे रस्ते महापालिकेचे. त्यांचा अर्ज आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात द्यायचा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी ही चार कार्यालयं. शहराला लागून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं आहे, तर काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. शंका असली तर विभागीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला आधी विचारा, नाहीतर 'सदर रस्ता आमच्या अखत्यारीत नाही' हे उत्तर यायलाच महिना जातो. रस्ता कुणाचाही असो, अर्जाची एक प्रत शहर वाहतूक शाखेला द्याच.

नुसता फलक म्हणजे वेगमर्यादा नव्हे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे राज्य शासन किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी राजपत्रात अधिसूचना काढून वेगमर्यादा ठरवतो आणि मग कलम ११६ खाली फलक लागतो. दोन्ही लागतात. निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल, उदाहरणार्थ फक्त नवरात्रापुरता, तर अधिसूचनेची गरज नाही. मंडळानं वर्गणी काढून लावलेल्या 'वेग २०' च्या पाटीला कायद्याचा आधार नसतो.

वेगळी अधिसूचना नसेल तिथं केंद्र सरकारनं ६ एप्रिल २०१८ रोजी ठरवलेली कमाल मर्यादा चालते: महापालिका हद्दीत मोटारींना ताशी ७० किलोमीटर, दुचाकी, बस आणि मालवाहू गाड्यांना ६०, रिक्षांना ५०. शिवाजी पेठेतल्या एखाद्या बोळातही कागदोपत्री हाच आकडा! बेदरकार चालवण्याचं कलम १८४ वेगळं आहे, पण ते प्रत्येक प्रसंगी सिद्ध करावं लागतं.

वेग स्वतः मोजा

अर्जाला वजन येतं ते इथं. रस्त्यावर टेपनं ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूच्या रेघा मारा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जायला किती सेकंद लागले ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पाहा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो: ६ सेकंद म्हणजे ३०, साडेचार म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०. कोंडीत अडकलेल्या गाड्या धरू नका, मोकळ्या धावणाऱ्याच मोजा. टेप आणि वही घेऊन रस्त्यात उभं राहू नका, लोक बघून वेग कमी करतात आणि आकडे फसतात.

शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमानं लिहून ८५ वा आकडा बघा. अभियंते मर्यादा ठरवताना हाच वेग आधाराला घेतात, शिवाय रस्त्याची रुंदी, पादचारी, शाळा, अपघात हेही बघतात. हा आकडा ४८ असताना २० चा फलक मागितला तर तो कुणी पाळत नाही. तिथं रस्त्याची रचनाच बदलावी लागते.

'थांबा' कुठं बसतो

अष्टकोनी लाल 'थांबा' फलक वेग कमी करण्यासाठी नसतो. लहान रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो आणि कोपऱ्यावरच्या भिंतीमुळं, टपरीमुळं बाजूची गाडी वेळेत दिसत नाही, तिथं तो लहान रस्त्यावर लागतो. नीट दिसत असेल तर उलट्या त्रिकोणाचा 'रस्ता द्या' फलक पुरतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत गाडी थांबायला लागणारं दृष्टी-अंतर ताशी ३० ला ३० मीटर, ४० ला ४५ आणि ५० ला ६० मीटर धरलं आहे. तिकटीवर मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग ४० आणि दिसतंय जेमतेम २० मीटर, असं मोजून लिहिलं तर पाहणीत ते तपासावंच लागतं. फलकाआधी टपरी हटवणं हाच उपाय निघू शकतो, याची तयारी ठेवा.

गतिरोधकाचंही माप ठरलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, अलीकडं ४० मीटरवर इशारा फलक. रातोरात टाकलेला डांबराचा उंचवटा यात बसत नाही आणि त्यावरून मागं बसलेली बाई पडली की जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो.

कोण अर्ज करू शकतो, सोबत काय जोडायचं

कुणीही नागरिक, सोसायटी, शाळा किंवा तालीम मंडळ. साध्या अर्जाला शुल्क नाही. ओळखपत्राची प्रत, मालमत्ता क्रमांकासह जागेचा हातानं काढलेला नकाशा, वेगाचा तक्ता आणि चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.२ मीटरवरून, काढलेले फोटो जोडा. अपघात झाले असतील तर तारखा आणि गुन्हा क्रमांक द्या. शाळा जवळ असेल तर मुख्याध्यापकांचं लेटरहेडवरचं पत्र घ्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

पुढची पायरी म्हणजे पालिका आणि वाहतूक पोलिसांची संयुक्त पाहणी. अर्जात तिची वेळ सुचवा, शाळा सुटतानाची. दुपारी बाराला पाहणी झाली तर अहवालात 'वर्दळ मध्यम' एवढंच येतं.

उत्तर आलं नाही तर

महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. त्यासाठी विहित नमुन्यात १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. पन्नास सह्यांचं निवेदन तिथं चालत नाही, म्हणून एकाच रहिवाशानं आपल्या घरासमोरच्या धोक्याबद्दल लिहावं. माहिती अधिकारात १० रुपये अर्ज शुल्क भरून पाहणी अहवालाची प्रत आणि अधिसूचनेचा क्रमांक मागता येतो. मुदत ३० दिवसांची. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा.

फलक लागला की खालची कड पदपथापासून निदान २.१ मीटर उंच आहे का आणि झाडाची फांदी किंवा वाढदिवसाचा फ्लेक्स आड येत नाही ना, ते पाहा. 'थांबा' च्या पुढं पांढरी पट्टी हवीच. डांबरीकरण झालं की ती पुसली जाते. त्यामुळं रस्त्याचं काम निघालं की पट्टे अंदाजपत्रकात धरले आहेत का, हे निविदेआधीच विभागीय कार्यालयात विचारून घ्या.