कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं?

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, असा समज अजूनही फिरतो आहे.

तो निराधार नाही, जुना आहे. पूर्वी रेबीजची लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून तयार करत. तिची ताकद कमी आणि मात्रा मोठी, म्हणून रोज एक याप्रमाणे पोटाच्या कातडीखाली दहा ते चौदा इंजेक्शनं टोचत. फार दुखायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते सोसलेलं असतं, त्यामुळे त्यांची भीती खरीच. पण भारतात ती लस २००५ च्या सुमारास बंद झाली.

आताची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनते. ती दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत. स्नायूत दिली तर सहसा पाच खेपा: पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८. त्वचेत दिली तर १४ वा दिवस गळतो. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती तयार प्रतिपिंडांचं औषधही टोचतात, ते टाळू नका.

चौदा सुयांच्या धास्तीने माणसं दवाखाना टाळतात, जखमेत तिखट-चुना भरतात. रेबीजची लक्षणं दिसल्यावर मात्र माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

पडताळायचं असेल तर लशीच्या खोक्यातलं माहितीपत्रक वाचा, किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरना विचारा.