चमचाभर जागेचा हिशेब

८६ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तेवढाच स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेलं दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत येतो तेव्हा प्रत्येक सिलिंडरमधली सुमारे ५०० घनसेंटिमीटर जागा व्यापतो. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची जागा माथ्याशी उरलेल्या जागेच्या किती पट, तो १० हवा असेल, तर पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर साडेपंचावन्न घनसेंटिमीटर पोकळी उरली पाहिजे. ११ हवा असेल तर ५०. फरक साडेपाच घनसेंटिमीटरचा, म्हणजे छोट्या चमच्याएवढा. इंजिन ट्यून करणारे खास पिस्टन बनवून घेताना ज्या आकड्यावरून तासन्‌तास वाद घालतात, तो या चमच्यात मावतो.

आकडा वाढवायचा तो कशासाठी? मिश्रण जास्त दाबलं म्हणून ताकद वाढते, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. खरी कमाई परतीच्या वाटेवर होते. पोकळी जितकी लहान, तितका पेटलेला वायू बाहेर पडण्याआधी अधिक पट फैलावतो आणि आपली उष्णता धुराड्यात न घालवता पिस्टनला देतो. आदर्श गणितात रेशो ८ असताना कार्यक्षमता ५६.५ टक्के येते, १० ला ६०, १२ ला ६३. खरं इंजिन याच्या बरंच खाली असतं, पण चढाची तऱ्हा हीच: पुढची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा बुटकी.

धोका मात्र बुटका होत नाही. ३० अंशांची हवा दहापट दाबली तर त्याच आदर्श गणिताने ती ४९० अंशांच्या आसपास जाते, बारापट दाबली तर ५४५. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं. ज्योत पोहोचण्याआधीच ते आपणहून पेटलं, की आतून हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. हॅरी रिकार्डो या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर चालू असतानाच कॉम्प्रेशन बदलता येईल असं इंजिन बांधलं आणि कोणतं इंधन कुठल्या रेशोला ठोकू लागतं ते मोजलं. म्हणून पहिला प्रश्न पिस्टनचा नसतोच. टाकीत रोज कोणत्या ऑक्टेनचं (नॉकिंग रोखण्याच्या ताकदीचं) पेट्रोल पडणार, आणि टर्बो असेल तर तो किती दाबाने हवा कोंबणार? टर्बोने आधीच दाबलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली जाते, तेव्हा रेशो सहसा उतरवावाच लागतो.

दुसरा प्रश्न कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. पिस्टन तळाशी पोहोचला तरी हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही. आपल्या इंजिनात तो क्रँकच्या ६० अंश फिरण्यानंतर बंद झाला असं धरा. तोवर पिस्टन साडेसोळा मिलिमीटर वर आलेला असतो. खरं दाबणं तिथून सुरू, म्हणजे कागदावरचा ११ प्रत्यक्षात जेमतेम ९. जास्त आरपीएमला आत धावणारी हवा आपल्या वेगानेच भरत राहते आणि ही तूट भरून काढते. कमी आरपीएमला नाही. म्हणून मोठा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॅम लावून रेशो तसाच ठेवलेली गाडी सिग्नलवरून निघताना मरगळलेली वाटते. कॅम ठरवल्याशिवाय पिस्टनची ऑर्डर देणं म्हणजे बाशिंग बांधून मग मुलगी शोधणं.

आता आकार. रेशो वाढवायला पिस्टनच्या डोक्यावर घुमट काढतात. पण घुमट उंच झाला की ज्योतीला वळसा घालावा लागतो. उलट, रेशो उतरवायला हेडखाली (सिलिंडरच्या झाकणाखाली) बसणारं गॅस्केट जाड टाकणं ही स्वस्तातली युक्ती आणि वाईट खोड. पिस्टनची सपाट कडा हेडच्या साधारण एक मिलिमीटर जवळ येते, तेव्हा कडेचं मिश्रण मध्याकडे फेकलं जातं, घुसळलं जातं आणि झटपट जळतं. गॅस्केटने ही फट दीड मिलिमीटर केली की रेशो उतरतो, पण घुसळणही मंदावते. नॉकिंग टाळायचा उपाय स्वतःच नॉकिंगला वाट करून देतो. कडा सपाट ठेवून फक्त मध्ये खळगा कोरलेला पिस्टन हे दुखणं टाळतो. खास बनवून घेतलेल्या पिस्टनवर खर्च करायचं माझ्या लेखी हे सर्वात ठोस कारण.

धातूचं थोडक्यात. ७००० आरपीएमला माथ्यावर दिशा बदलताना ४०० ग्रॅमचा पिस्टन सव्वा टन वजनासारखा कनेक्टिंग रॉडला ओढतो. ४०३२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो कमी फुगतो आणि बोअरमध्ये घट्ट बसवता येतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नावापुरतं. तो मार जास्त सोसतो, पण फुगतोही जास्त, म्हणून सैल बसवावा लागतो आणि थंड इंजिनात खडखडतो. नॉकिंगने ओतीव पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती तडकतात. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला, पिस्टन तग धरतो, पण नॉकिंग बरं करत नाही.

शेवटी सगळं मोजमापावर येतं. हेड उलटं ठेवून व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवायची आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या नळीतून) हेडमधल्या पोकळीत, म्हणजे चेंबरमध्ये, रंगीत पाणी सोडायचं. शेवटचा बुडबुडा निघाला की किती पाणी मावलं तो आकडा लिहायचा. एका चेंबरवर विसंबायचं नाही, चारही मोजायची. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणार नाही ना हे तपासायला जुन्या पिस्टनवर मातीचा गोळा दाबून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, गोळा ब्लेडने कापायचा आणि व्हॉल्व्हखाली माती किती उरली ते पाहायचं: इनटेकला सुमारे दोन मिलिमीटर, तापून जास्त लांबणाऱ्या एक्झॉस्टला अडीच. ऑर्डरच्या कागदावर लिहायचे ते हे आकडे.