उपचारविन्मुख किशोरांसोबतचे उपचारकार्य

समुपदेशकाकडे स्वतःहून न येणाऱ्या, आणले तरी न बोलणाऱ्या किंवा वारंवार पळून जाणाऱ्या किशोरांशी आधी संबंध जुळवून मग उपचाराकडे वळण्याची पद्धती. ‘विन्मुख’ हा शब्द सोयीपुरता; पुष्कळदा सेवाच मुलापर्यंत पोचलेली नसते.

उगम : आधी उद्रेक ओसरू देणे, मग नाते, मग शिस्त अशा टप्प्यांची कल्पना सामान्यतः व्हिएन्नाचे शिक्षक व मनोविश्लेषक आउगुस्ट आयखहॉर्न (१८७८–१९४९) यांच्याकडे नेली जाते. शिक्षणतज्ज्ञ होमर लेन यांची इंग्लंडमधील डॉर्सेट येथील ‘लिटल कॉमनवेल्थ’ ही वसाहत (१९१३–१८) कालदृष्ट्या आधीची खरी. पण तिथे भर मुलांच्या स्वशासनावर होता, उपचाराच्या क्रमावर नव्हे. त्यामुळे आयखहॉर्न यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील ओबरहोलाब्रुन येथे आयखहॉर्न यांनी सुधारगृह उभारले. कुणालाच न आवरणाऱ्या बारा मुलांचा गट त्यांनी वेगळा केला आणि इजा होण्याची वेळ आल्याखेरीज मध्ये पडायचे नाही, असे ठरवले. फर्निचर मोडले, खिडक्या फुटल्या. एकदा एका मुलाने पावाची सुरी दुसऱ्याच्या गळ्याशी नेली. आयखहॉर्न शांत उभे राहिले. त्या मुलाने सुरी जमिनीवर आपटली, पाय आपटले आणि तो हमसून रडू लागला. रागाचे हे नाटक होते, हे त्यांनी ओळखले होते. उद्रेकाची ही लाट ओसरल्यावरच मुलांचा कार्यकर्त्यांवर जीव जडू लागला आणि त्यापुढे शिस्तीचे काम शक्य झाले. हा वृत्तान्त त्यांच्या १९२५ च्या ग्रंथात आहे. त्याला मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची प्रस्तावना आहे.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी १९५६ मध्ये समाजविरोधी वर्तनात आशेची खूण पाहिली. उपचारादरम्यानच्या अशा उद्रेकाला अधोगती मानू नये, या मताला त्याने बळ मिळते.

मानसशास्त्रज्ञ प्रोचास्का व डिक्लेमेंटी यांचे परिवर्तनाचे टप्पेही (माणूस सवय पायरीपायरीने बदलतो, ही मांडणी; १९८३) येथे वापरले जातात. मात्र तो अभ्यास स्वतःहून धूम्रपान सोडणाऱ्यांचा होता. पोलिसांनी आणून बसवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला तो जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे आहे. लंडनच्या ॲना फ्रॉइड केंद्रातील ‘ॲम्बिट’ पद्धतीत मुलाभोवती तज्ज्ञांची गर्दी न करता, त्याचा विश्वास असलेल्या एकाच कार्यकर्त्यामागे संघ उभा राहतो.

भारतात : बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला बालन्याय मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. म्हणजे मुलाची पहिली भेट होते ती चौकशी करणाऱ्याशीच.