मंगलात दाट पाणी का सोडतात: पॉलिमर फ्लडिंगची पार्श्वभूमी

राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात मंगला तेलक्षेत्र जानेवारी २००४ मध्ये सापडले आणि ऑगस्ट २००९ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. २०११ मध्ये पॉलिमरची, म्हणजे पाणी दाट करणाऱ्या लांब साखळ्यांच्या रसायनाची, प्रायोगिक चाचणीही चालू होती. एवढी घाई का, हे तेलाकडे पाहिले की कळते. ते मेणचट आहे. साठ्याचे तापमान ६५ अंशांच्या आसपास आहे म्हणूनच ते वाहते. जरा निवले की मेण धरू लागते. त्यामुळे तेल विहिरीकडे रेटण्यासाठी साठ्यात सोडायचे पाणीही गरम करूनच सोडावे लागते. साठ्यातल्या तेलाची श्यानता (दाटपणा) ९ ते १७ सेंटिपॉइज (श्यानतेचे एकक), तर ६५ अंशांच्या पाण्याची अर्ध्या सेंटिपॉइजहूनही कमी. इतके पातळ पाणी दाट तेलाला रेटत नाही, त्याच्यातूनच वाट काढते. एकदा वाट पडली की पुढचे पाणी त्याच वाटेने जाते. विहिरीतून पाणीच पाणी येऊ लागते आणि तेल बाजूच्या वालुकाश्मात तसेच राहते.

यावर पाणीच दाट करण्याचा उपाय जुना आहे. डी. जे. पाय आणि बी. बी. सँडिफोर्ड या दोन संशोधकांचे त्यावरचे लेख १९६४ मध्ये निघाले. पाण्यात अगदी थोडे पॉलिअॅक्रिलामाईड (या कामातला नेहमीचा पॉलिमर) टाकले तरी खडकातून जाताना त्याला होणारा अडथळा श्यानतामापकातल्या आकड्यावरून वाटतो त्याहून बराच जास्त असतो, हे पाय यांनी दाखवले. कारण रेणूंच्या लांब साखळ्या खडकाच्या छिद्रांत चिकटतात, अडकतात.

पुढची वीस वर्षे अमेरिकेची, आणि ती फारशी अभिमानाची नाहीत. १९८० च्या विंडफॉल प्रॉफिट टॅक्स (तेलावरचा जादा कर) कायद्यात अशा उपायांनी मिळणाऱ्या वाढीव उत्पादनाला कमी दराने कर होता, म्हणून प्रकल्पांचे पेव फुटले. पण पॉलिमरची मात्रा बहुधा काही शे पीपीएमची (दहा लाख भागांत इतके भाग), तीही थोडे दिवस. तेल वाढले नाही की दोष पॉलिमरला. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि उत्साहही ओसरला. औषधाचा निम्मा डोस देऊन औषध निकामी ठरवावे, तसा हा प्रकार होता.

चीनच्या दाचिंग तेलक्षेत्राने उलटे केले. १९५९ मध्ये सापडलेल्या त्या क्षेत्रात १९७२ पासून लहान चाचण्या झाल्या आणि १९९६ मध्ये मोठ्या प्रमाणावर काम सुरू झाले. तिथे मात्रा १,००० पीपीएम आणि त्याहून वर, तीही वर्षानुवर्षे. साठ्यातल्या मूळ तेलापैकी साधारण १० ते १२ टक्के तेल जास्तीचे मिळाले. दाचिंगचे नशीबही चांगले: तापमान ४५ अंश आणि पाण्यात क्षार कमी. पॉलिमरच्या साखळीवरचे ऋण भार एकमेकांना दूर ढकलतात म्हणून ती ताणून पसरते. पाणी खारट असले की ती गुंडाळते आणि तेवढ्याच पावडरीत दाटपणा कमी मिळतो.

भारतात ओएनजीसीने अहमदाबादजवळच्या सानंद क्षेत्रात १९८५ मध्ये चाचणी घेतली होती. मंगलात मात्र प्रमाण मोठे होते. २०१४-१५ मध्ये पॉलिमर क्षेत्रभर सोडायला सुरुवात झाली.

प्रत्यक्ष कामात हिशेब असा. २,००० पीपीएम म्हणजे दर घनमीटर पाण्याला २ किलो पावडर. एका विहिरीत रोज ५०० घनमीटर पाणी जात असेल, तर त्या एकाच विहिरीला रोज एक टन पावडर लागते. ही पावडर पाण्यात एकदम ओतली की पिठल्यात बेसनाच्या होतात तशा गुठळ्या होतात: बाहेरून फुगलेल्या, आत कोरड्या. त्या खडकाच्या तोंडाशी जाऊन बसतात. म्हणून कण आधी सुटे-सुटे भिजवायचे, मग तासभर हळू ढवळत ५,००० ते १५,००० पीपीएमचे ‘मदर सोल्यूशन’ करायचे आणि ते विहिरीपाशी पाण्यात मिसळायचे.

मग घात करतात ते पंप आणि व्हॉल्व्ह. सेंट्रिफ्यूगल पंपात किंवा अर्धवट उघड्या चोकमध्ये (प्रवाह आवरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) वेग एवढा वाढतो की साखळ्या तुटतात. टाकीत २० सेंटिपॉइजचे द्रावण होते, खडकात त्याच्या निम्म्याचे पोहोचले, हा प्रकार इथलाच. त्यासाठी मदर सोल्यूशनला स्क्रू पंप, इंजेक्शनला प्लंजर पंप आणि चोकच्या जागी दाब हळूहळू उतरवणारी लांब नळी वापरतात. नमुनाही विहिरीच्या तोंडाशी, दाब एकदम न सोडता घ्यावा लागतो. नाहीतर नमुन्याची नळीच साखळ्या तोडते आणि दोष पंपावर येतो.

ऑक्सिजन आणि विरघळलेले लोह एकत्र आले की हेच नुकसान रसायनाने होते. म्हणून टाक्यांवर नायट्रोजनचे आवरण ठेवतात. ७० अंशांच्या वर साखळीवरचे अमाईड गट पाण्याने हळूहळू बदलत जातात आणि पाण्यात कॅल्शियम असेल तर पॉलिमर साका होऊन खाली बसतो. मुंबई हायच्या तापलेल्या चुनखडकासाठी हा मार्ग सहज सुचत नाही, त्याचे एक कारण हेच.

झँथन या दुसऱ्या पॉलिमरला पंप-व्हॉल्व्हमधली ओढाताण सोसते आणि मीठही चालते. हा कोबीला काळी कूज आणणाऱ्या झँथोमोनास जिवाणूपासून मिळणारा डिंक, आज सॉस आणि आइस्क्रीममध्येही असतो. पण साठ्यातल्या जिवाणूंनाही तो आवडतो, म्हणून जंतुनाशक सोबत द्यावेच लागते. शिवाय आंबवण्यातले जिवाणूंचे अवशेष नीट गाळले नाहीत तर ते छिद्रे बुजवतात.

काही वर्षांनी पॉलिमर उत्पादन विहिरीत येतोच. तो तेल-पाण्याचे मिश्रण हट्टाने धरून ठेवतो, ते वेगळे व्हायला वेळ लागतो आणि हीटरच्या नळ्यांवर जळका थर चढतो. बरेच प्रकल्प पाणी सोडण्याची यंत्रणा नीट आखतात, पण तेल-पाणी वेगळे करणारे विभाजक मात्र जुन्याच मापाचे ठेवतात.