डुप्लिकेट कंटेंटची 'पेनल्टी': हा शब्द चिकटला कसा

डुप्लिकेट कंटेंटचा, म्हणजे एकच मजकूर एकापेक्षा जास्त पत्त्यांवर असण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास तोच, सर्च इंजिनकडून पेनल्टी, म्हणजे रँकिंगमध्ये शिक्षा बसते का? नेहमीच्या डुप्लिकेटला बसत नाही. हे उत्तर गूगलने सप्टेंबर २००८ मध्येच अधिकृतपणे दिलंय, तरी शब्द काही हटत नाही, आणि त्यात सगळी चूक साइटवाल्यांची आहे असं मला अजिबात वाटत नाही.

एकसारखी पानं ओळखायचं तंत्र तसं जुनं. १९९७ मध्ये एका सर्च इंजिनच्या संशोधकांनी ३ कोटी पानं घेऊन, सलग येणाऱ्या शब्दांचे तुकडे जुळवून जवळपास सारखी पानं शोधायची पद्धत मांडली. २००७ पर्यंत अख्ख्या पानाचा ६४ बिटांचा ठसा काढून, ३ बिटांपर्यंत फरक असला तरी 'हे तेच पान' असं धरायची पद्धत ८०० कोटी पानांवर तपासून झाली होती. हे सगळं जागा आणि क्रॉलरचा (वेबवरची पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमचा) वेळ वाचवायला होतं, कोणाला शिक्षा करायला नाही.

मग शिक्षेची भीती आली कुठून, तर मोठा हात सप्लिमेंटल इंडेक्सचा. २००३ पासून गूगलच्या मुख्य इंडेक्सच्या, म्हणजे वाचलेल्या पानांच्या साठ्याच्या जोडीला हा दुसरा इंडेक्स होता आणि त्यातलं पान रिझल्टमध्ये आलं की तसं लेबल दिसायचं. पान तिथं जायचं मोठं कारण म्हणजे त्याला दुसऱ्या पानांवरून येणाऱ्या लिंकांचं बळ नसणं, पण साइटवाल्याला फक्त लेबल दिसायचं, कारण नाही, आणि त्याच साइटवर सारखी पानं पण असायची, मग दोन्हीचा संबंध जोडला गेला. २००७ मध्ये लेबल काढलं पण समज राहिला तो राहिलाच.

आता २००८ चा खुलासा. त्यात सांगितलं ते असं की सारख्या पानांचा एक गट होतो, गटातून एक प्रतिनिधी पान निवडलं जातं, बाकीच्यांच्या लिंकांचं वजनही त्याच्याकडे वळतं, म्हणजे हा फिल्टर आहे, पेनल्टी नाही. तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. पण ज्याचा मूळ लेख मागे पडून कॉपी करणाऱ्याचं पान वर दिसतंय त्याला फिल्टर आणि पेनल्टी यातला फरक सांगून काय उपयोग, त्याचं ट्रॅफिक दोन्हीकडून गेलंच. शिवाय रँकिंग फिरवायच्या किंवा फसवायच्या हेतूने केलेल्या डुप्लिकेशनवर कारवाई होऊ शकते हा अपवाद होताच, त्यामुळे 'पेनल्टी नाही' म्हणणारे आणि 'आहे' म्हणणारे दोघांनाही आधार मिळाला. माझ्या मते तेव्हाच 'निवड' हा शब्द पुढे आणायला हवा होता. भीतीपोटी लोकांनी वर्षानुवर्षं वाक्यं फिरवून लिहिली, लेख फिरवणारी सॉफ्टवेअरं विकत घेतली, आणि खरा घोळ कुठे होता तर यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यात! एकच पान डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून नि न लावता, सेशन आयडीसकट (प्रत्येक भेटीचा वेगळा क्रमांक), प्रिंट व्हर्जनमध्ये, सॉर्टिंगच्या प्रत्येक पॅरामीटरसह (पत्त्याच्या शेवटी जोडलेला तुकडा) वेगळं उघडतंय, लिंका सगळीकडे विखुरल्यात आणि क्रॉलर तेच तेच वाचत बसलाय.

त्यावरचा उपाय आला फेब्रुवारी २००९ मध्ये, कॅनॉनिकल टॅग, म्हणजे 'मुख्य पान हे धरा' असं सांगणारी पानाच्या कोडमधली ओळ, तोही तीन मोठ्या सर्च इंजिनांनी एकत्र जाहीर केलेला. त्याच वर्षी डिसेंबरपासून तो दुसऱ्या डोमेनकडेही दाखवता यायला लागला. फक्त तो आदेश नाही, सूचना आहे. ३०१ रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर कायमचं वळवणं), साइटमॅप (साइटच्या पानांची यादी), साइटच्या आतल्या लिंका वेगळंच काही सांगत असतील तर टॅग बाजूला पडू शकतो.

गाडी रुळावर येतेय असं वाटत होतं तेवढ्यात २०११ उजाडलं. जानेवारीत कॉपी केलेल्या कंटेंटवाल्या साइट खाली ढकलणारा बदल आला, फेब्रुवारीत गूगलचा पांडा नावाचा बदल, ज्याने अमेरिकेतल्या ११.८ टक्के सर्चवर परिणाम झाला. पांडाचा रोख कमी दर्जाच्या साइटवर होता, पण दुसरीकडून उचललेला मजकूर हे त्या दर्जाचंच एक लक्षण, आणि फटका एका पानाला न बसता अख्ख्या साइटला बसायचा. तेव्हा 'पेनल्टी नाही' हे कोण ऐकणार! २०१३ मध्ये गूगलकडूनच सांगितलं गेलं की वेबचा २५ ते ३० टक्के भाग डुप्लिकेट आहे आणि तो स्पॅम धरला जात नाही, तरी फरक पडला नाही. २०१६ मध्ये पांडा मुख्य अल्गोरिदममध्ये मिसळला.

त्यानंतरचं बरंच काही याच वळणाचं. पॅरामीटर हाताळायचं टूल २०२२ मध्ये बंद केलं, कारण क्रॉलर ते स्वतःच ओळखायला लागला होता. २०२३ मध्ये सिंडिकेशनचा, म्हणजे आपला लेख दुसऱ्या साइटला छापायला देण्याचा सल्ला बदलला, लेख घेणाऱ्या पार्टनरने नुसता कॅनॉनिकल लावून भागत नाही, आपलं पान नोइंडेक्स करावं (इंडेक्समध्ये घेऊ नका असं सांगावं), कारण दोन्हीकडची पानं आजूबाजूच्या मजकुरामुळे खूप वेगळी दिसतात आणि गट जुळेलच असं नाही. मार्च २०२४ च्या स्पॅम नियमांत ढिगाने तयार केलेला कंटेंट आला, तो माणसाने लिहिलाय की मशीनने हे न बघता, आणि दुसऱ्यांची पानं खरवडून, शब्द फिरवून ढिगाने छापणं त्यातच मोडतं. गूगलच्या सर्च कन्सोल या साइटवाल्यांसाठीच्या टूलच्या इंडेक्स रिपोर्टमध्ये मात्र साध्या डुप्लिकेटपुढे आजही एवढंच लिहून येतं की तुम्ही सांगितलेल्याऐवजी दुसरं कॅनॉनिकल निवडलं.