योसेमिटीत ओढ्याकाठी तंबू टाकायचाय? वाइल्डरनेस परमिट असं काढा

योसेमिटीतल्या सनराइज क्रीक या ओढ्याच्या काठी एक रात्र काढायची म्हणून लोक रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर जातात आणि पहिल्याच पायरीला अडकतात, कारण यादीत ओढ्याचं नावच सापडत नाही. ते सापडणारच नाही. कॅलिफोर्नियातल्या या पार्कात वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे रस्त्यांपासून दूरच्या रानात, रात्र काढायचं परमिट तुम्ही झोपणार कुठे यावर नाही, चालायला सुरुवात कुठल्या ट्रेलहेडवरून (जिथून पायवाट सुटते ती जागा) आणि कुठल्या तारखेला करणार यावर मिळतं, आणि प्रत्येक ट्रेलहेडला रोजचा कोटा ठरलेला आहे. म्हणून आधी नकाशा उघडा, ओढा शोधा, तिथं जाणारी वाट कुठून सुटते ते बघा आणि मगच अर्ज भरा. हॅपी आइल्स या ट्रेलहेडची तर दोन वेगळी परमिटं आहेत, एक लिटिल योसेमिटी व्हॅलीपर्यंतचं आणि दुसरं तिच्या पुढचं, दुसरं घेतलं तर पहिल्या रात्री लिटिल योसेमिटीत थांबता येत नाही. सनराइज क्रीक पुढे आहे, तेव्हा पहिल्याच रात्री तिथं पोचायचं तर दुसरं घ्या.

पात्रतेची फार कटकट नाही. नागरिकत्वाची अट नाही, व्हिजिटर व्हिसावर आलेले आईबाबासुद्धा ग्रुपमध्ये चालतात. ट्रेलवर एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १५ जण. कुत्रा मात्र घरीच ठेवा, वाइल्डरनेसमध्ये पाळीव प्राणी चालत नाहीत.

आता अर्ज. सीझनमधली ६०% परमिटं लॉटरीने जातात, ती साधारण २४ आठवडे आधी. म्हणजे जुलैत जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच बसायला लागतं, उन्हाळा लागल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. अर्जाची फी १० डॉलर, ती परत मिळत नाही, नंबर लागला की माणशी ५ डॉलर. लागला की दिलेल्या मुदतीत अ‍ॅक्सेप्ट करायला विसरू नका, नाहीतर हातचं जातं. उरलेली ४०% निघतात प्रवेशाच्या ७ दिवस आधी, पॅसिफिक वेळेप्रमाणे सकाळी ७ ला, त्यासाठी लॉगिन करून तयार बसा, दोन-तीन ट्रेलहेड मनात ठेवा. पार्कातून जाणाऱ्या टायोगा रोडवरचा ट्रेलहेड घेणार असाल तर तो रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो आणि कधीकधी जून उजाडला तरी उघडत नाही, हे लक्षात ठेवून तारीख टाका.

कागदपत्रं मोजकीच, ट्रिप लीडरचा फोटो आयडी आणि रिझर्वेशन. पण कन्फर्मेशनचा ईमेल म्हणजे परमिट नव्हे! ते पार्कातल्या वाइल्डरनेस सेंटरला जाऊन घ्यायचं. ट्रेलवर ते जवळ ठेवा, रेंजर विचारतात. पार्कची एंट्री फी वेगळी.

बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा, सक्तीचा आहे, पिशवी झाडाला टांगलेली चालत नाही, कॅनिस्टर तिथंच भाड्याने मिळतो. जेवणाबरोबर टूथपेस्ट, सनस्क्रीन, वास येणारं सगळं त्यातच. आणि रात्री तो ओढ्याच्या काठावर ठेवू नका, अस्वलाने एक धक्का दिला की गडगडत पाण्यात जातो आणि मग उरलेले दिवस उपाशी.

ओढ्याकाठी म्हणजे अगदी पाण्याला लागून नाही हं. पाणी आणि ट्रेल दोन्हीपासून १०० फूट लांब, म्हणजे साधारण ४० पावलं. मोजा खरंच, अंदाजाने लोक हमखास जवळच टाकतात आणि काठावरचं कोवळं गवत एकदा दबलं की पुन्हा यायला वर्षं जातात. शिवाय योसेमिटी व्हॅली, टुओलमी मेडोज अशा वस्तीच्या जागांपासून किमान ४ मैल पुढे गेल्याशिवाय मुक्काम करता येत नाही. शेकोटी फक्त आधीपासून असलेल्या दगडांच्या रिंगणात आणि ९,६०० फुटांच्या खालीच. पाणी कितीही नितळ दिसलं तरी फिल्टर करून किंवा उकळूनच प्या.

एक चांगली सोय बऱ्याच जणांना माहीत नसते, परमिट असेल तर ट्रिपच्या आदल्या रात्री पार्कातल्या बॅकपॅकर्स कॅम्पग्राउंडवर वेगळं रिझर्वेशन न करता राहता येतं. लांबून गाडी चालवत येणाऱ्यांनी तिथं मुक्काम करून सकाळी ताज्या पायांनी निघावं.