निर्वासितांचा हक्क: देवळालीच्या बराकींपासून २०२५ च्या कायद्यापर्यंत

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठीचा नवा कायदा लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० चे चार जुने कायदे रद्द झाले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६ च्या कायद्याप्रमाणेच त्या माणसावर. जीव मुठीत धरून आलेला आणि चोरवाटेने कामधंद्यासाठी आलेला यांत हा कायदा भेद करत नाही. निर्वासित कोणाला म्हणायचं, हे त्यात कुठेच नाही. ही उणीव मात्र जुनी आहे. आपण आसरा अनेकदा दिला, पण तो हक्क म्हणून कायद्यात लिहिला नाही.

फाळणीनंतर सिंधमधून मुंबईला उतरलेल्या कुटुंबांना सरकारने रिकाम्या लष्करी छावण्यांत हलवलं. कल्याण, पिंपरी आणि नाशिकजवळची आपली देवळाली. ज्या छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत दिवस काढायचे, तिथे आता सर्वस्व गमावलेल्यांनी चुली मांडल्या. सरकारी धोरण तेव्हाही सैल नव्हतं. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये खास कायदा करून निर्वासितांची नोंदणी सक्तीची केली. पण राज्यघटनेचं कलम ६ बघा. स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेलं असेल आणि माणूस १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिला असेल, तर तो नागरिक. त्यानंतर आलेल्याने सहा महिने राहून अर्ज करायचा, नोंदणी झाली की तोही नागरिक. तारखेची रेघ होती, पण उशिरा पोचलेल्यालाही वाट ठेवली होती. मला हे फार मोलाचं वाटतं.

१९५१ चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार मुळात युरोपातल्या महायुद्धाच्या उलथापालथीतून झाला. १९६७ मध्ये त्यातली काळाची व प्रदेशाची मर्यादा उठली, तरी भारत त्यात सामील झाला नाही. जिथे छळाचा धोका आहे तिथे माणसाला परत ढकलू नये, हा त्याचा गाभा. सही नसल्यामुळे १९५९ नंतरचे तिबेटी, १९८३ नंतरचे श्रीलंकेतले तमिळ, प्रत्येकासाठी वेगळा सरकारी निर्णय झाला.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैसे जादा आकारले जाऊ लागले. पोस्टकार्डं वगळली होती. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने (देशाचे पासपोर्टही तिथेच छापतात) कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर हिंदी-इंग्रजीत निर्वासित मदतीची अक्षरं छापून दिली. मग स्वतंत्र तिकीट निघालं. मार्च १९७३ पर्यंत देशभर पाकीट टाकणारा प्रत्येक जण हा वाटा उचलत होता.

कायद्याची पोकळी न्यायालयांनी थोडीफार भरली. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमांच्या (पूर्व पाकिस्तानातून आलेला निर्वासित समाज) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम २१ चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, संरक्षण फक्त नागरिकांना नाही, प्रत्येक व्यक्तीला आहे. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकींच्या प्रकरणात परत न ढकलण्याचं तत्त्व त्याच कलमात पाहिलं. एप्रिल २०२१ मध्ये मात्र म्यानमारमधून जम्मूत आलेल्या रोहिंग्या मुस्लिमांची पाठवणी थांबवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला: कलम २१ सर्वांना लागू, पण हद्दपार न होण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला, आणि तो नागरिकांचाच. महिन्याभरात मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून पळून आलेल्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीतल्या निर्वासित कार्यालयापर्यंत जाऊ दिलं.

नव्या कायद्यासोबतच्या सवलत आदेशात पुन्हा तारखा आणि याद्या आहेत. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातले सहा अल्पसंख्य समाज ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले असले तर त्यांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट. ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांनाही. सूट मिळालेल्यांना ती मिळायलाच हवी होती. पण रोहिंग्या किंवा म्यानमारमधले चिन जमातीचे लोक या यादीत कुठेच नाहीत, आणि त्यांना कलम ६ सारखी नोंदणीची वाटही नाही.

अशा माणसाला उद्या नाशिकमध्ये अटक झाली, तर त्याच्या हाती काय उरतं? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज पहिल्याच दिवशी गेला पाहिजे, आणि परत पाठवलं तर जिवाला धोका आहे हे त्याचं म्हणणं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर लेखी नोंदलं गेलं पाहिजे.